पानं कुठपर्यंत मळतात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे तो मला नीट कळलाय का हे तुम्हाला पाहता येईल. तुम्ही घणसोलीचे. कादंबरी लिहून झाली आहे. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी कंपनीने घेतलेली जमीन, मग गेलेल्या जमिनीच्या बदल्यात हाती आलेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आणि त्या प्लॉटवरून दोन सख्ख्या भावांचं फुटलेलं घर, असा विषय. एका प्रकाशकाने हस्तलिखित परत देताना सांगितलं की विषय चांगला आहे, पण कोरडा आहे. एखादा प्रेमाचा धागा घाला, दोन-तीन प्रसंग जरा मोकळे लिहा, मग चालेल. तुम्ही विचारताय, वाचक मिळायला प्रणय, शृंगार लागतोच का? लागत असेल तर घालायची तयारी आहे, पण मन घेत नाही.

मी ठाण्याच्या नौपाड्यात २६ वर्षं वाचनालय चालवलं. जागेचं भाडं परवडेनासं झालं तेव्हा ते बंद केलं, आणि गेली ११ वर्षं प्रकाशकांसाठी आणि लेखकांसाठी हस्तलिखितं वाचते. आधी वाचक जवळून पाहिले, नंतर लेखक. उत्तर त्या दोन्हींच्या आधाराने देते. तुमची कादंबरी मी वाचलेली नाही, तेव्हा तिच्याबद्दल जे म्हणेन ते तुम्ही दिलेल्या गोषवाऱ्यावरून.

माझं मत आधीच सांगून टाकते. नाही लागत. पण म्हणून त्या प्रकाशकाला जे जाणवलं ते खोटं आहे असं समजू नका. पोट दुखतंय म्हटलं की कुणीही ओवा खा म्हणून सांगतं. ओवा लागू पडेल न पडेल, दुखणं मात्र खरं असतं. तुमच्या कादंबरीत कुठेतरी त्याला पुढे वाचावंसं वाटलं नाही. ते कुठे आणि कशामुळे, हे शोधणं प्रेमाचा धागा घालण्यापेक्षा अवघड आहे, म्हणून त्याने सोपा उपाय सांगितला.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मान्य करून पुढे जाते. मोबाइलवरच्या एखाद्या अॅपसाठी रोज एक भाग अशी कथा तुम्ही लिहीत असतात, तर मी प्रकाशकाच्या बाजूने बोलले असते. तिथला वाचक रात्रीची भांडी आवरून झाल्यावरच्या पंधरा मिनिटांत वाचतो. ती दोघं भेटतात की नाही, हे उद्यावर ढकलणं तिथे सहज जमतं आणि वाचक उद्या परत येतो. छापील कादंबरीचं गणित वेगळं आहे. मराठीत पहिली आवृत्ती हजार प्रतींच्या आसपासची, हल्ली त्याहूनही कमी. तुम्हाला लाखभर अनोळखी माणसं गोळा करायची नाहीत. पुस्तक संपवून शेजाऱ्याच्या हातात देतील अशी हजार माणसं हवीत. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्या गावांतच इतकी माणसं निघतील. तुमचा स्वभाव हाही एक भाग आहे. काहींच्या लेखणीत शृंगार आपसूक येतो, आणि त्यांनी तो लिहावाच. तुमचं मन घेत नाही असं तुम्हीच म्हणताय, आणि ओढूनताणून लिहिलेला प्रसंग वाचकाला पहिल्या दोन ओळींत कळतो.

आता वाचनालयाची गोष्ट. परत आलेलं पुस्तक कपाटात लावण्याआधी मी ते मिटून उभं धरायचे आणि पानांच्या कडा बघायचे. एखादं पान सुटलंय का, कुणी फाडलंय का, हे बघण्यापुरतीच ती सवय होती. पण पन्नासेक वाचकांच्या हातून गेलेल्या पुस्तकाच्या कडा बरंच काही सांगतात. बोटांचा मळ जिथपर्यंत वाचलं तिथपर्यंतच लागतो. नवं पुस्तक पांढरं असतं. वर्षभराने त्याच्या कडेवर वाचकांचा नकाशा उमटलेला असतो.

मला तीन तऱ्हा दिसायच्या. पहिलीत मधेच एखादा काळपट पट्टा, चार-सहा पानांचा, आणि अलीकडे-पलीकडे सगळं कोरं. असं पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप त्याच पानावर उघडायचं. ती पानं कशाची असत ते सांगायला नको. ही पुस्तकं एका रात्रीत परत यायची, आणि धंदा म्हणून मला त्याची तक्रार नव्हती. पण सहा महिन्यांनी त्याच वाचकाला विचारलं तर त्याला पुस्तकाचं नाव आठवत नसे, मग लेखकाचं कुठून आठवणार? दुसऱ्या तऱ्हेत पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकसारखी करडी कड. आणि तिसरीत सुरुवातीची तीस-चाळीस पानं मळलेली आणि पुढे अचानक पांढरंशुभ्र. म्हणजे कितीतरी जणांनी पुस्तक नेलं आणि साधारण एकाच जागी खाली ठेवलं.

तुमच्या प्रकाशकाला भीती आहे या तिसऱ्या तऱ्हेची. आणि तो सुचवतोय तो उपाय पहिल्या तऱ्हेचा. चाळिसाव्या पानावर थांबलेल्या वाचकाला शंभराव्या पानावरचा मोकळा प्रसंग दिसणारच नाही. आणि त्याने नेमका तेवढा शोधून वाचला, तर तुमच्या दोन भावांचं घर त्याच्या नजरेतून सुटलं ते सुटलंच.

कुठली पुस्तकं कुठल्या तऱ्हेत होती, हे ऐकाल तर तुम्हालाही नवल वाटेल. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या बायका वर्तमानपत्राचं कव्हर घालून न्यायच्या. हे नाव घेतलं की लोक आवाज खाली आणायचे. त्यांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली होती. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये तिथे ते सुटले. सुटण्यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं: न्यायालयाने सुटे उतारे न धरता कथा सबंध पाहिली. तर या काकोडकरांच्या कादंबऱ्यांच्या कडा मी पहिल्या तऱ्हेच्या समजत होते आणि त्या निघाल्या दुसऱ्या तऱ्हेच्या. आरंभापासून अखेरपर्यंत मळलेल्या. लोक त्यांना चावट म्हणत होते, पण वाचत होते सबंध. त्यांना गोष्ट सांगता येत होती, आणि वाचकाला शेवटपर्यंत नेत होती ती गोष्ट.

नुसत्या लैंगिकतेला आपोआप गर्दी होते हा समज किती पोकळ आहे, हे र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वरून कळतं. १९२७ पासून १९५३ मध्ये ते गेले तोवर हे मासिक चाललं. लैंगिक प्रश्नांवर इतकं उघड लिहिणारं मराठीत दुसरं काही नव्हतं. अंकात नग्न चित्रंही असायची. त्यांच्यावर खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. एवढी चर्चा होऊनही वर्गणीदार मोजकेच राहिले आणि कर्वे पदरमोड करून मासिक काढत राहिले. कुणी म्हणेल की ते शास्त्रीय लेखन होतं, कथा-कादंबरी नव्हे. बरोबर आहे. पण विषय एकटा वाचक ओढत असता, तर त्या काळी सगळ्यात जास्त त्यानेच ओढले असते.

आता दुसरी बाजू. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा बांधणी करावी लागलेल्या पुस्तकांत वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ होतं. १९८१ चं पुस्तक. गुलामीत जन्मलेला, आयुष्यभर अविवाहित राहिलेला एक काळा शास्त्रज्ञ, आणि विषय काय तर माती, कपाशी, भुईमूग, रताळी. गोषवारा दिला असता तर तुमच्या प्रकाशकाने तेही कोरडंच म्हटलं असतं. त्या पुस्तकासाठी माझ्याकडे नंबर लावून लोक थांबायचे. आठवीतली मुलं न्यायची, त्यांच्या आज्या न्यायच्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांना वाचायला लावलं ते ‘पुढे काय’ एवढ्याच जोरावर. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ बेचाळीस रात्रींत सांगितलेली आहे, आणि प्रत्येक रात्री ऐकणारे पुन्हा येऊन बसतात. त्यांना ओढून आणणारी गोष्ट कुठली? एका गरीब घरातली बाई आपल्या मुलाला कशी वाढवते, एवढीच.

‘स्मृतिचित्रे’बद्दल जरा थांबून सांगते, कारण तुमच्या कामाचं तिथे काहीतरी आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मकथेचा पहिला भाग १९३४ चा. १८९५ मध्ये त्यांचे पती ख्रिस्ती झाले, आणि त्यानंतर काही वर्षं ती दोघं वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत गेल्या आणि त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. प्रणयाचे प्रसंग शोधायला कुणी हे पुस्तक उघडत नाही. पण मी वाचलेल्या मराठी पुस्तकांत नवरा-बायकोच्या प्रेमाचं यापेक्षा खरं पुस्तक मला दुसरं सांगता येणार नाही. भांडणं, अबोला, त्याचा विक्षिप्तपणा, तिचा संताप, आणि या सगळ्याखाली एकमेकांवाचून न होणं. माझ्याकडच्या बायका ते परत करताना काउंटरवर दोन मिनिटं उभ्या राहायच्या. पुस्तक परत द्यायला जीव होत नसे.

या सगळ्या पुस्तकांत सारखं काय आहे, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या परीने उत्तर असं: वाचकाचा जीव कुणात तरी अडकलेला असतो, आणि त्या कुणाचं तरी काहीतरी जाणार असतं. बस. शृंगार हा जीव अडकवण्याचा सगळ्यात सोपा रस्ता आहे, कारण तिथे काय जाणार आहे ते समजावून द्यावं लागत नाही. मुलगी हातची गेली तर काय होतं, हे प्रत्येकाला आपल्या आयुष्यावरून ठाऊक असतं. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट हातचा गेला तर काय होतं, हे डोंबिवलीच्या वाचकाला ठाऊक नाही. त्याला ते तुम्हाला द्यावं लागेल. प्रकाशक ‘कोरडं’ म्हणाला त्याचा अर्थ मी असा लावते: तुम्ही जमिनीबद्दल लिहिलंय, पण जमीन जाणं वाचकाच्या अंगाला लागलेलं नाही.

माझा अंदाज सांगते, चूक असेल तर सोडून द्या. ज्यांची जमीन गेली ते लिहायला बसतात तेव्हा सुरुवातीलाच सगळा हिशोब मांडतात. १९७० ला सिडको आली, अमुक दराने जमीन गेली, १९८४ ला जासईचं आंदोलन, गोळीबार, पाच माणसं गेली, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचा लढा, मग साडेबारा टक्के. हे सगळं खरं आहे आणि लिहिलं गेलंच पाहिजे. पण पहिल्या तीस पानांत हेच असेल तर वाचक चाळिसाव्या पानावर पुस्तक ठेवतो. त्या जागी उधाणाची एक रात्र ठेवून बघा. खाडीचं पाणी चढतंय, बांधाला खांड पडलीय, आणि बाप दोन्ही पोरांना उठवून अंधारात चिखल टाकायला नेतोय, कारण खारं पाणी एकदा शेतात शिरलं तर भात गेलाच. दोघं भाऊ कमरेएवढ्या पाण्यात शेजारी शेजारी उभे आहेत. ही रात्र वाचलेल्या माणसाला पुढे प्लॉटच्या कागदावरची एकेक सही दुखेल. दर, तारखा, आंदोलन, हे सगळं त्यानंतर तो तुमच्याकडून मागून घेईल.

मी सोवळी आहे आणि शृंगाराच्या विरोधात बोलतेय, असं मात्र वाटू देऊ नका. आपल्या भाषेची परंपरा तशी नाही. हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीतल्या सातशे गाथा बहुतेक प्रेमाच्याच, आणि त्या गोदावरीकाठच्या शेतकरी घरांतल्या. ज्ञानदेवांनी विठ्ठलाच्या भेटीची तळमळ सांगायला विरहिणीचीच भाषा घेतली. ‘घनु वाजे घुणघुणा’ देवळात म्हणताना कुणाला संकोच वाटत नाही. ‘घनश्याम सुंदरा’ ही पहाटेची भूपाळी रचणारा होनाजी बाळा लावण्याही रचत होता. वासना हाच ज्या लेखनाचा विषय आहे तिथून ती काढली तर उरणार काय? खांडेकरांच्या ‘ययाति’तून ती वजा करून बघा. त्या कादंबरीला ज्ञानपीठ मिळालं, आणि सुनेने नेलेलं ते पुस्तक परत आणून द्यायला सासूबाई यायच्या, वाचून झालेलं.

या बाबतीत एकदा माझ्या हातून चूक झाली आहे, ती सांगते. वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ कारखाना बंद पडण्यावर कादंबरी घेऊन आले होते. मी तेव्हा हे काम नुकतंच सुरू केलं होतं. मी त्यांना तेच सांगितलं जे तुम्हाला आता सांगितलं गेलंय. म्हटलं, थोडं रूक्ष होतंय, एखाद्या कामगाराच्या मुलीचं प्रेमप्रकरण आणा. बिचाऱ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून साठ पानं घातली. पुस्तक निघाल्यावर जेवढे वाचक मला भेटले त्यांतल्या एकालाही ती मुलगी आठवत नव्हती. प्रत्येकाला आठवत होता तो कारखान्यातला शेवटचा दिवस: एक फिटर आपले पाने तेलाच्या फडक्याने पुसून, मापाप्रमाणे लावून, पुन्हा पेटीत ठेवतो, आणि पेटी तिथेच सोडून निघून जातो. ती दोन पानं त्यांनी पहिल्याच खर्ड्यात लिहिली होती. मी त्यांना म्हणायला हवं होतं की अशी आणखी वीस पानं लिहा. साठ पानांच्या त्या मुलीने या माणसाची जागा खाल्ली. ते गृहस्थ मला कधी काही बोलले नाहीत, आणि म्हणूनच मला ते जास्त लागून राहिलं आहे.

याच्या अगदी उलटाही अनुभव आहे. ऐरोलीच्या एका बाईंनी पन्नाशीतल्या विधवेवर कादंबरी लिहिली. सगळं होतं. मुलं, बँक, सोसायटीची मीटिंग, गुडघेदुखी. पण काहीतरी लपवलेलं होतं, पानापानावर जाणवत होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की एक प्रसंग काढून टाकला, कारण सासरचे लोक वाचतील. मी तो मागवून घेतला. अर्धं पान होतं. नवरा जाऊन चार वर्षं झाल्यावरही ती बाई पलंगाच्या आपल्याच कडेला झोपते, आणि एका रात्री मुद्दाम मध्यभागी झोपून पाहते. शरीराला काय हवंसं वाटलं, ते तीन ओळींत. तेवढं अर्धं पान परत घातलं आणि अख्खी कादंबरी सरळ उभी राहिली. ते पान गाळल्यामुळेच ती बाई आतापर्यंत नुसती हिंडत होती, जगत नव्हती.

तेव्हा घालावं की घालू नये असा एकच नियम माझ्याकडे नाही. मी लेखकांना एक करायला सांगते. जो प्रसंग शंकेचा आहे तो काढून बाजूला ठेवा आणि पुढची तीन प्रकरणं वाचा. पुढे कुणाचं वागणं त्यामुळे अडत नसेल, कुणी कमी रागावत किंवा जास्त घाबरत नसेल, तर तो प्रसंग वाचकासाठी लावलेली पाटी होती. अडत असेल तर तो कादंबरीचा आहे, मग कितीही उघडा असू दे. आणि लिहिताना भीती वाटत असेल, तर कायद्याची कमी आणि नातेवाइकांची जास्त वाटते, असा माझा अनुभव आहे. त्या भीतीचा विचार छापायच्या वेळी करावा, लिहायच्या वेळी नको.

आता तुमच्या गोषवाऱ्यातल्या एका वाक्याकडे येते. तिथे माझी नजर अडली. धाकट्या भावाची बायको सही करायला नकार देते, असं तुम्ही लिहिलंय, आणि पुढच्याच वाक्यात कोर्टाची तारीख आहे. मधली रात्र कुठे गेली? ती दोघं एकाच घरात, बहुतेक एकाच खोलीत झोपत असणार. तिने नवऱ्याच्या शब्दाबाहेर जाऊन थोरल्या जावेची बाजू घेतली. त्या रात्री जेवण कुणी वाढलं? तो आत आला की ओटीवरच पडला? वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिने पाठ फिरवली, की त्याने? तुमच्या प्रकाशकाने बाहेरून प्रेमाचा धागा आणायला सांगितलाय, आणि तुमच्या कादंबरीत तो आधीपासून आहे, फक्त तुम्ही त्यावरून उडी मारून कोर्टात गेलात. मला वाटतं तुम्ही ते संकोचाने केलंय. आपले आई-बाप, काका-काकू डोळ्यांसमोर असताना त्यांच्या खोलीत लेखक म्हणून शिरणं कठीण असतं. पण कॉलेजच्या पोरीचं प्रेम घालण्यापेक्षा त्या खोलीत शिरा. तिथे शृंगार येईल किंवा येणार नाही. कदाचित नुसता एक हात अंधारात पुढे येईल आणि परत जाईल. जे येईल ते ठेवा.

दुसरी जागा हळदीची. आगरी घरातलं लग्न आहे, आणि हळदीची रात्र तुमच्या गोषवाऱ्यात एका ओळीत संपते, याचं मला खरंच वाईट वाटलं. सगळी भावकी जमलेली, धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी म्हणतेय, आणि काकाचा मान रिकामा आहे, कारण काका येणार की नाही कुणालाच माहीत नाही. मांडवात प्रत्येक जण दर पाच मिनिटांनी रस्त्याकडे बघतोय. दोन्ही जावा एकमेकींकडे न बघता एकाच परातीत हात घालतायत. बाहेरच्या वाचकाला आगरी हळद म्हणजे नाच आणि गाणी एवढंच दिसलेलं असतं. तो रस्ता बघणं त्याला कुणीच दाखवलेलं नाही. तुम्ही घणसोलीचे आहात, तुम्ही ते दाखवू शकता. मी असते तर त्या रात्रीला पंचवीस पानं दिली असती आणि कोर्टाच्या सगळ्या तारखा मिळून आठ.

थोडक्यात तुमच्यापुढे आत्ता तीन कामं आहेत: सुरुवातीचा हिशोब मागे न्या आणि त्या जागी बांधाची रात्र आणा, सही नाकारल्यानंतरच्या रात्री त्या खोलीत शिरा, आणि हळद पूर्ण लिहा. ही झाल्यावर प्रकाशकाला पुन्हा पाठवा. सोबतच्या पत्रात वाद घालू नका. ‘तुम्ही कोरडं म्हणालात ते पटलं, त्यावर काम केलंय’ एवढंच लिहा. तो अनुभवी असेल तर प्रेमाचा धागा आपण सुचवला होता हे त्याला आठवणारही नाही. त्याने तरीही कॉलेजची पोरगीच मागितली, तर नम्रपणे हस्तलिखित परत घ्या आणि दुसऱ्याकडे जा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे. तिथे जाऊन कपाटातली जमीन, धरण, गाव यांवरची पुस्तकं बघा आणि ती कुणी छापली याची यादी करा. त्या यादीतल्या नावांना असल्या विषयाचं भय नाही.

आणि पाठवायच्या आधी एक कराच. गावातली सहा-सात माणसं एका संध्याकाळी बसवा. त्यांत कधी पुस्तक न वाचणारे दोघं असू देत, आणि कोपरखैरण्याच्या किंवा ठाण्याच्या इमारतीत राहणारं, जमिनीशी संबंध नसलेलं एखादं तरी असू दे. पहिली साठ पानं मोठ्याने वाचा, दोन बैठकांत. ती चांगली आहेत का, हे कुणालाही विचारू नका. आपल्या माणसाला कुणी वाईट म्हणत नाही. हातात पेन्सिल ठेवा, आणि ज्या ओळीला कुणी मोबाइल बघितला, पाणी प्यायला उठलं, शेजारच्याशी बोललं, त्या ओळीपाशी बारीक टिंब करा. दुसऱ्या दिवशी टिंबं मोजा. ती सगळी एकाच जागी दाटलेली दिसतील. ती पाच-सहा पानं आणि त्यांच्या आधीची दहा मला पाठवा, मी वाचून कळवते.